पीएचडीसाठी कलमबाग गहाण ठेवण्याआधी

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत समुद्रविज्ञानातल्या करिअरवर अर्धं पान आलं होतं. वर प्रवाळांमधून पोहणाऱ्या पाणबुड्याचा फोटो, खाली परदेशातल्या पीएचडीला ‘साधारण पंचवीस ते तीस लाख’ असा खर्चाचा अंदाज, मग शैक्षणिक कर्जाची माहिती आणि शेवटी लेखकाच्या मार्गदर्शन केंद्राचा फोन नंबर. असे लेख येतात नि जातात. पण या लेखाचं कात्रण खिशात घालून एक गृहस्थ मालवणला आमच्या घरी आले. देवगडच्या बाजूचे, आंबेवाले. मुलगी रत्नागिरीला, शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात शेवटच्या वर्षाला. तांबळकरांची म्हणा, तोरसकरांची म्हणा, कुणाची तरी मुलगी नॉर्वेत हेच शिकते, एवढ्या माहितीवर ते घर शोधत आले होते. आईने मला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन त्यांच्या हातात दिला. नमस्कार-चमत्कार झाल्यावर त्यांचा पहिला प्रश्न : ‘‘तुमचो एकूण खर्च किती झालो?’’

विद्यापीठाला मी एक रुपयाही दिलेला नाही, उलट तेच मला दर महिन्याला पगार देतात, असं मी सांगितलं. ते गप्प राहिले. मी खरा आकडा लपवते आहे असं त्यांना वाटलं असावं, कारण थोड्या वेळाने तोच प्रश्न त्यांनी हळूच आईला विचारला. कलमबागेचे कागद बँकेत द्यायची त्यांची तयारी झाली होती. म्हणून हे पत्र.

मी बर्गनला समुद्री मत्स्यविज्ञानात पीएचडी करते. त्याआधी शिरगावला पदवी आणि मुंबईत वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेत पदव्युत्तर शिक्षण. इथे निवड झाल्याचं कळलं तेव्हा आमच्या काकांना मी सगळं समजावून सांगत होते. काकांचा रापणीत, म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायच्या मोठ्या जाळ्यात, वाटा आहे, शाळा सातवीपर्यंत. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘‘शिकूक जातंस आणि वर पगार गावता? मगे ह्यां शिक्षण कसला गो? ही तर नोकरी.’’ घरातल्या शिकलेल्या मंडळींपैकी कुणाच्याही हे ध्यानात आलं नव्हतं. माझं म्हणणं एवढंच आहे. डॉक्टरेट ही विकत घ्यायची पदवी म्हणून बघू नका, नोकरी म्हणून बघा. मग कुठलीही नोकरी धरताना आपण जे प्रश्न विचारतो, ते आपोआप सुचतात. पगार किती, करार किती वर्षांचा, साहेब कसा, आणि करार संपल्यावर काय. नोकरी मिळावी म्हणून बाग गहाण टाकायला सांगणाऱ्या माणसाबद्दल कोकणात काय बोलतात ते इथे लिहीत नाही.

नॉर्वेत ती अक्षरशः नोकरी आहे. एखाद्या प्रकल्पाला पैसे मिळतात, त्यातून जागा निघते, जाहिरात लागते, अर्ज येतात, मुलाखती होतात. करार तीन वर्षांचा, किंवा पाव वेळ शिकवण्याचं वगैरे काम धरून चार वर्षांचा. पगार वर्षाला साडेपाच लाख क्रोनरच्या आसपास सुरू होतो. याला रुपयाच्या भावाने गुणून कुणी हुरळू नये. नव्याने आलेल्या परदेशी माणसाला पहिल्या वर्षी सरसकट २५ टक्के कराची सोपी योजना घेता येते, म्हणजे पाव पगार तिथेच गेला. उरलेल्याचा मोठा लचका घरभाडं तोडतं. पण महिनाअखेर हातात काही राहतं, आजारपणाची रजा भरपगारी असते, आणि बाळंतपणाची रजा घेतली तर तेवढे महिने करार पुढे सरकतो. मुलींच्या आईवडिलांनी हा शेवटचा मुद्दा जरूर वाचावा, कारण ‘लग्नाचं वय निघून जाईल’ हे मीही भरपूर ऐकलं आहे.

लेखात ‘नॉर्वेत शिक्षण मोफत’ असंही एक वाक्य होतं. ते जुनं झालं. २०२३ च्या शरद सत्रापासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना इथल्या सरकारी विद्यापीठांत पदवी आणि पदव्युत्तर अभ्यासक्रमांना फी लागू झाली, आणि ती चांगलीच आहे. पीएचडीवाले कर्मचारी असल्यामुळे त्यातून सुटले. म्हणजे लेखाने जिथे फी आहे तिथे मोफत लिहिलं आणि जिथे पगार मिळतो तिथे तीस लाख!

सगळे देश सारखे नाहीत हेही खरं. नेदरलँड्समध्ये साधारण चार वर्षांची पगारी नेमणूक असते. जर्मनीतही करार असतो, पण पुष्कळदा तो पूर्ण पदाचा नसून ६५ टक्के पदाचा असतो, आणि काम मात्र शंभर टक्के करायचं असतं. अमेरिकेत शिकवणी किंवा संशोधन साहाय्यकाची जागा मिळाली तर फी माफ होऊन वर विद्यावेतन मिळतं. मुदत पाच वर्षं किंवा जास्तच. ब्रिटनमध्ये फी आहे, शिष्यवृत्तीही आहे. तिथल्या सरकारी संशोधन परिषदांच्या जागा २०२१ पासून परदेशी उमेदवारांना खुल्या झाल्या, पण परदेशी मुलांचा वाटा साधारण ३० टक्क्यांवर रोखलेला आहे. ऑस्ट्रेलियात फीमाफीसकट शिष्यवृत्ती मिळाली तरच जावं. युरोपीय संघाच्या मारी क्युरी योजनेतल्या डॉक्टरेटच्या जागांना राष्ट्रीयत्वाची अट नाही. ज्या देशात जायचं तिथे आधीच्या ३६ महिन्यांत १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेलं नसावं, ही मुख्य अट, आणि देवगडच्या मुलीला ती आडवी येण्याचं कारण नाही. कुठूनही ‘प्रवेश मिळाला, आर्थिक व्यवस्था आपली आपण करावी’ असं पत्र आलं, तर ते बिल समजून बाजूला ठेवावं. समुद्रविज्ञान शिकून कुणी तीस लाखांचं कर्ज झटपट फेडेल, असा पगार या धंद्यात मी तरी कुठे पाहिलेला नाही.

या जागा शोधायला मध्यस्थ लागत नाही. नॉर्वेच्या जागा ‘जॉबनॉर्गे’ या संकेतस्थळावर लागतात, युरोपभरच्या ‘युराक्सेस’वर. दोन्ही फुकट. अर्जाला लागतं ते असं : पदव्युत्तर प्रबंध, गुणपत्रिका, शिफारस देणाऱ्या दोन माणसांची नावं आणि एक पानभर पत्र. मी अर्ज करत होते तेव्हा पुण्यातल्या एका सल्लागाराने हे पत्र लिहून द्यायचे पैसे मागितले होते, नमुनाही दाखवला. त्यात ‘लहानपणापासून मला समुद्राचं वेड’ असं होतं. हे वाक्य निवड समितीने किती वेळा वाचलं असेल याचा अंदाज मला आता आहे. त्याऐवजी, मालवणच्या धक्क्यावर मी बांगड्याची लांबी मोजली, ती कशी मोजली, आणि आकड्यांत काय गोंधळ निघाला, हे लिहिलेलं मुलाखतीत विचारलं गेलं.

आता त्या पाणबुड्याबद्दल. माझ्या पीएचडीत मी एकदाही बुडी मारलेली नाही. बहुतेकांची तीच गत. प्रवाळांवर काम करणारी मुलं पाण्यात उतरतात, तीही थोडे दिवस. बाकीचं वर्ष आम्ही सगळे संगणकासमोर असतो. माझा विषय आहे माशाचं वय. घोळ कापताना डोक्यातून निघणारे पांढरे खडे आपल्याकडच्या कुठल्याही मासळीवालीने पाहिलेले असतात. असे खडे जवळपास सगळ्याच हाडाच्या माशांच्या कानात असतात आणि झाडाच्या खोडासारखी त्यांत वर्तुळं पडतात. उन्हाळ्यात खाणं भरपूर, वाढ जोरात, रुंद पट्टा, हिवाळ्यात अरुंद. दोन्ही मिळून एक वर्ष. इथल्या बांगड्याचा, म्हणजे अटलांटिक मॅकरेलचा खडा तांदळाच्या कणीएवढा नि तसाच ठिसूळ. चिमट्याने काढायचा, धुवायचा, काळ्या पट्टीवर राळेत बसवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली वर्तुळं मोजायची. मासा तरुण असेल तर सोपं. म्हातारा असला की कडेची वर्तुळं एकमेकांना खेटतात, मग एक जाणकार म्हणतो आठ वर्षं, दुसरा म्हणतो अकरा. दोघांनाही यातला अनुभव माझ्या वयाइतका. या मतभेदाचा पुढच्या हिशोबावर किती परिणाम होतो, हा माझ्या प्रबंधाचा गाभा. घरी हे सांगितलं की समोरचा माणूस विचारतो, ‘‘बरं, पण संशोधन काय करतेस?’’

माशाचं वय कळून होतं काय, हा प्रश्न मात्र रास्त आहे. बर्गनच्या समुद्री संशोधन संस्थेची सुरुवात १९०० सालची. तिथे काम करणाऱ्या योहान यॉर्टने खवल्यांवरून हेरिंग या माशाचं वय काढलं आणि दाखवून दिलं की १९०४ साली जन्मलेली एकच पिढी पुढे कितीतरी वर्षं मच्छीमारांच्या जाळ्यांत भरून येत होती. तोवर समज असा, की मासळी कमी झाली म्हणजे ती दुसरीकडे निघून गेली. यॉर्टने १९१४ साली मांडलं की एखाद्या वर्षीची पिल्लं जगली की मेली, यावर पुढच्या कित्येक वर्षांची पकड ठरते. आज कोपनहेगनची ‘आइसेस’ ही आंतरराष्ट्रीय परिषद कुठला मासा किती पकडावा याचा सल्ला देते, तेव्हा तिच्या गणितात वयाचे हे आकडे जातात. म्हणजे मी इथे आठ लिहिते की अकरा, याच्याशी कुणाच्या तरी बोटीचा हंगाम बांधलेला असतो. २०२५ च्या सप्टेंबरात या परिषदेने २०२६ साठी मॅकरेलचा सल्ला आदल्या वर्षापेक्षा ७० टक्क्यांनी खाली आणला. नॉर्वे, ब्रिटन, आइसलँड, फेरो बेटं आणि युरोपीय संघ यांच्यात वाटणीचा झगडा वर्षानुवर्षं चालू आहे. प्रत्येक जण आपला हिस्सा स्वतःच ठरवत आला आणि सगळ्यांची बेरीज सल्ल्याच्या वर जात आली. विज्ञान सगळ्यांना मान्य असतं, फक्त कमी दुसऱ्याने पकडायचं असतं. जेवणाच्या सुट्टीत सहकारी यावर तावातावाने बोलतात तेव्हा मला मालवणच्या बंदरावरचं रापणवाले विरुद्ध पर्ससीनवाले (यांत्रिक बोटींवरून मोठी जाळी टाकणारे) भांडण ऐकल्यासारखं वाटतं. जेवण म्हणजे साडेअकराला डब्यातले पावाचे तुकडे, आणि बऱ्याचदा त्यावर टोमॅटोच्या रसातला डबाबंद बांगडाच.

वर्षातला थोडा काळ जहाजावर. उन्हाळ्यात नॉर्वेच्या समुद्रापासून आइसलँडपर्यंत अनेक देश मिळून मॅकरेलची पाहणी करतात, आणि नॉर्वे त्यासाठी मोठ्या व्यापारी मासेमारी बोटी भाड्याने घेतो. ठरलेल्या जागी अर्धा तास जाळं ओढायचं, मग आलेल्या माशांची लांबी, वजन, पोट, खडे. सहा तास काम, सहा तास झोप. वर उत्तरेला रात्री दोन वाजता लख्ख उन्हात मी मासे मोजले आहेत. आमच्याकडे मासेमारी पुरुषांची आणि बाजार बायकांचा, त्यामुळे दर्यावर्दी घरात जन्मूनही खोल समुद्रात रात्र काढली ती पहिल्यांदा इथे. पहिले दोन दिवस बोट अशी लागली की पोटात पाणी ठरेना. जहाजावरच्या म्हाताऱ्या खलाशाने कोरडी बिस्किटं दिली आणि क्षितिजाकडे बघत राहायला सांगितलं. काका हेच सांगतात. तब्येत सावरल्यावर आचाऱ्याच्या परवानगीने मी तिरफळं घालून बांगड्याचं तिखलं केलं. अटलांटिकचा बांगडा फार तेलकट, रसावर तवंग येतो, आपली चव नाही. पण पातेलं रिकामं झालं.

ही पद्धत उचलून आपल्या किनाऱ्यावर लावता येईल का, असं मला कोकणातून हमखास विचारतात. सरसकट नाही. आपला बांगडा अल्पायुषी, आणि आपल्याकडे उन्हाळा-हिवाळ्याच्या पाण्यात इथल्यासारखा फरक नसल्याने खड्यावरची वर्षाची वर्तुळं अशी स्वच्छ पडत नाहीत. पिल्लांच्या खड्यावर दिवसाची वर्तुळं मोजावी लागतात, किंवा लांबीवरून अंदाज बांधावा लागतो. शिवाय आपल्या एका जाळ्यात जेवढ्या जातींची मासळी येते तेवढ्या इथल्या महिनाभराच्या पाहणीतही दिसत नाहीत. नॉर्वेकडून आलेली गोष्ट आपल्याकडे जशीच्या तशी बसत नाही, याचा अनुभव भारताने आधी घेतलेला आहे. १९५२ मध्ये भारत, नॉर्वे आणि संयुक्त राष्ट्रसंघ यांच्यात करार होऊन केरळात कोल्लमजवळ नीण्डकरा इथे मत्स्य प्रकल्प सुरू झाला. गरीब मच्छीमारांचं भलं हा हेतू. यांत्रिक होड्या आल्या, पुढे कोळंबीला परदेशात भाव आला, समुद्रतळाशी जाळं ओढत नेणारे ट्रॉलर वाढले, आणि जाळीवाले-ट्रॉलरवाले असा संघर्ष उभा राहिला. १९८८ मध्ये केरळला पावसाळ्यात ट्रॉलिंगवर बंदी घालावी लागली. इथल्या तरुण सहकाऱ्यांना यातलं काही ठाऊक नसतं. मालवणातही फारसं कुणाला नाही, पण त्या लाटेचं पाणी आपल्यापर्यंत पोचलेलं आहेच.

कागदपत्रांबद्दल त्या लेखात एक ओळ होती : ‘व्हिसा प्रक्रिया सुलभ’. कुणासाठी? इथे उतरल्यावर आधी पोलिसांकडे नोंदणी, मग ओळख क्रमांक, मग बँकखातं, मग बँकेची डिजिटल ओळख. ती ओळख हातात येईपर्यंत माणूस अर्धवटच अस्तित्वात असतो, कारण डॉक्टरची वेळ घेण्यापासून भाडेकरारापर्यंत सगळीकडे तीच मागतात. माझा पहिला पगार झाला तेव्हा तो ठेवायला माझ्याकडे खातं नव्हतं. राहण्याचा परवाना नोकरीला बांधलेला, त्यामुळे नूतनीकरणाचा अर्ज पडून असेल त्या काळात देशाबाहेर पाऊल टाकायची धाकधूक. स्कॉटलंडमधल्या एका बैठकीला शेजारच्या टेबलावरच्या जर्मन मुलाने संध्याकाळी तिकीट काढलं. मला त्याच बैठकीसाठी ब्रिटनचा वेगळा व्हिसा, बोटांचे ठसे, बँकेची विवरणपत्रं, आणि इतकं करून पासपोर्ट बैठक उरकल्यावर हातात आला. माझं काम माझ्या मार्गदर्शक बाईंनी मांडलं, चांगलं मांडलं, पण तिथे झालेल्या ओळखी माझ्या झाल्या नाहीत. विज्ञानात पुढची नोकरी बहुधा अशाच ओळखींतून निघते. याची तक्रार कुणाकडे करणार? निदान निघण्यापूर्वी ठाऊक असावं.

आईला इथे आणायचं तर पोलिसांचा शिक्का असलेलं हमीपत्र इथून पाठवायचं, आणि तिने मालवणहून मुंबईला जाऊन अर्ज द्यायचा. मिळालंच तर जास्तीत जास्त ९० दिवस. ती एकदा आली. बर्गनला वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि इथल्या लोकांना त्याचा भारी अभिमान. आई खिडकीत बसून म्हणाली, ‘‘ह्यो पाऊस? हो नुसतो शिंतडता.’’ तिला पाऊस अडचणीचा वाटला नाही, अंधार वाटला. डिसेंबरात दिवस जेमतेम सहा तासांचा. दुपारी साडेतीनला दिवे लागले की तिला वाटायचं जेवणाची वेळ झाली. जुलैत उलट, आख्खा देश सुट्टीवर जातो आणि विद्यापीठाच्या इमारतीत आम्ही परदेशी तेवढे उरतो, घाना, बांगलादेश, चिली, मी. कॉफीचं यंत्रही बंद असतं.

मग आपल्याकडेच का करू नये, हा प्रश्न त्या गृहस्थांनी विचारला नाही, पण विचारायला हवा होता. गोव्यात दोना पावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९६६ पासून आहे. ‘सिंधु साधना’सारखं स्वतःचं संशोधन जहाज तिच्याकडे आहे. वास्कोला ध्रुवीय संशोधन केंद्र, वर्सोव्याला आमची संस्था, कोचीला समुद्री मत्स्य संशोधन संस्था. नेटची परीक्षा पास होऊन कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर २०२३ पासून महिना ३७,००० रुपये, दोन वर्षांनी ४२,०००, वर घरभाडं. हे पैसे कधीकधी महिनोन्महिने रखडतात, हे मैत्रिणींकडून ऐकते, आणि ही लाजिरवाणी गोष्ट आहे. पण काम हलकं नाही. अरबी समुद्राच्या पोटात प्राणवायू जवळपास संपलेल्या पाण्याचा जो प्रचंड थर आहे, त्याचा अभ्यास करायला गोव्याहून जवळची जागा कुठली? आणि गंमत म्हणजे भारताचं ‘हिमाद्री’ हे केंद्र २००८ पासून नॉर्वेच्याच उत्तर ध्रुवाकडल्या स्वालबार्ड बेटांवर, नी-ओलेसुंडला आहे, तिथल्या फ्योर्डमध्ये, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या खाडीत, भारताने २०१४ साली उपकरणंही सोडली. वास्कोच्या केंद्रातली मुलगी तिथे जाऊन येते. मी नॉर्वेत राहून अजून गेलेले नाही.

परदेशी येण्याचा खरा फायदा माझ्या मते जुन्या नोंदींचा आहे. इथे १९३० च्या दशकापासूनचे कॉड माशाचे खडे छोट्या कागदी पाकिटांत जपलेले आहेत, वर तारीख आणि जागा लिहिलेली. महायुद्धाच्या आधी मेलेल्या माशाचा खडा मी हातात धरला आहे. कुणी तरी न कंटाळता दर वर्षी तेच काम केलं, म्हणून आज प्रश्न विचारता येतो. आपल्या किनाऱ्यावरही धक्क्याधक्क्यावर उतरणाऱ्या मासळीच्या नोंदी घेणारी माणसं आहेत. पुढल्या वेळी धक्क्यावर कुणी पट्टी घेऊन मासे मोजताना दिसलं तर ‘‘काय मोजतंस रे, खाऊक देतंस काय?’’ म्हणून टिंगल न करता त्याला दोन बांगडे मोजू द्यावेत.

देवगडच्या मुलीशी मी दुसऱ्या दिवशी बोलले. हुशार आहे, इंग्रजीची उगाच भीती बाळगते. तिला मी सांगितलं ते बाकीच्यांच्याही उपयोगी पडेल. आधी पदव्युत्तर शिक्षण भारतातच करावं आणि प्रबंध नीट लिहावा, कारण तोच वाचला जातो. आकडेवारीसाठी ‘आर’ ही संगणकभाषा आत्ताच शिकायला घ्यावी. पोहता येत नसेल तर शिकावं. जहाजावर जाण्याआधी सुरक्षेच्या शिक्षणात जाडजूड पोशाख चढवून पाण्यात उडी मारायला लावतात. मुलाखतीत शेवटी ‘तुम्हाला काही विचारायचंय का’ म्हणतात, तेव्हा ‘नो, थँक यू’ म्हणून उठू नये. विचारावं : करार संपेपर्यंत प्रबंध झाला नाही तर पगाराचं काय? जहाजाचा दिवस कुणाच्या पैशाने, आणि ती सफर रद्द झाली तर माझ्या प्रबंधाचं काय? नमुने आधीच गोळा झालेत की मलाच करायचेत? शोधनिबंधावर पहिलं नाव कुणाचं? मार्गदर्शक मधेच निवृत्त होणार आहेत का? आणि त्यांच्या हाताखाली आधी होते त्यांपैकी दोघांचे ईमेल मागून घ्यावेत, त्यांच्याशी मार्गदर्शकांच्या माघारी बोलावं. ईमेल द्यायला का-कू केली तर उत्तर मिळालं असं समजावं.

तिच्या वडिलांनी बँकेतून कागद परत आणले की नाही ते मी विचारलेलं नाही. मुलीने मात्र वर्सोव्याच्या प्रवेश परीक्षेचा फॉर्म भरला आहे.

(माझा करार अजून चालू असल्याने नाव छापू नये, ही विनंती.)

आपली,
एक मालवणकर वाचक,
बर्गन, नॉर्वे